डरकाळी घेतली, तवा राहिला



मी इतिहासकार नाही. विदर्भातल्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. बारावी नापास. पाळी सुटली तरी कानात तासभर मशीन वाजत राहते, त्या आवाजातच मी वाचतो, कविता लिहितो. हा लेख मात्र कविता नाही. हा हिशेब आहे. ताटाचा आणि रक्ताचा.

सुरुवात घरापासून करतो, कारण हा इतिहास मला आधी घरात भेटला आणि पुस्तकात नंतर.

१

माझी धाकटी बहीण आणि मी एकाच शाळेत शिकलो. शाळेत दुपारी खिचडी मिळायची. आज लोक खिचडीला हसतात. हसू नका. माय निंदायला गेली की घरची चूल संध्याकाळीच पेटायची. दुपारचं जेवण शाळेतलंच. मी त्या खिचडीवर वाढलेला माणूस आहे.

बहीणही तीच खिचडी खायची. पण तिच्या अंगी लागेना. डोळे पिवळट. थंडी पडली की हातापायांची हाडं ठणकायची, रात्र रात्र मायच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हायची. दुसऱ्या दिवशी शाळेत उशीर. उशीर झाला की वर्गाबाहेर उभं. "खायले पुढं, अभ्यासाले मागं," असं तिला चारचौघांत ऐकवलं गेलं.

वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. डॉक्टर जीभ बघायचे, नखं बघायचे, कार्डावर 'रक्त कमी' लिहून लोहाच्या गोळ्या द्यायचे. एका वर्षी वजनकाटाच आला नाही. कार्डावर अंदाजानं आकडे पडले. माझं वजन मागच्या सालापेक्षा दोन किलोनं वाढलेलं निघालं. मी खूश झालो होतो.

बहीण तेरा वर्षांची असताना तालुक्याच्या एका शिबिरात तिच्या बोटाला सुई टोचली आणि कळलं, सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात. जिथं अडकतात तिथं मरणाच्या कळा. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता की लेकराला हा आजार होईल. रक्त कमी दिसतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते भरून निघत नाही. पाणी भरपूर प्यायला लागतं, थंडी सांभाळावी लागते, औषध रोज लागतं.

म्हणजे बघा. रोज दुपारी तिला वाढणारी शाळा होती. दरवर्षी तिची जीभ बघणारी गाडी होती. दोघांची गाठ कधी पडली नाही. खिचडी वाढणाऱ्या मावशीला दिसत होतं की ही पोर खाऊनही वाळते आहे. पण तिला विचारणार कोण? आणि गाडीतला डॉक्टर तासाभरात शंभर पोरं उरकून पुढच्या गावी.

२

आमच्या विहारात एक कपाट आहे. बाबासाहेबांचे खंड, जुने अंक आणि कुणी कुणी देऊन टाकलेली इंग्रजी पुस्तकं. रात्रपाळीच्या आधी मी तिथं बसतो. एकदा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरचं पुस्तक हाती लागलं. ते नाव आपल्यात कुणाला माहीत नाही? १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या पिढीनं दलित पँथर काढली, त्या नावामागं हे नाव. ब्लॅक पँथर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं काळी टोपी, कातडी जाकीट, हातात बंदूक. पण या पुस्तकात एक फोटो वेगळाच होता. एक लहान पोर, आणि त्याचं बोट धरून टोचणारा कार्यकर्ता. खाली लिहिलेलं, सिकल सेल.

मी डिक्शनरी बाजूला ठेवली. या शब्दाला मला डिक्शनरी लागत नव्हती.

त्या दिवसापासून मी या गोष्टीच्या मागं लागलो. शाळेतल्या पोराचं ताट आणि त्याची तपासणी या दोन गोष्टी कुणी, कधी, कशा एकत्र आणल्या? आणि कुणी वेगळ्या ठेवल्या?

३

शोधत शोधत आधी पोचलो एका गिरणीगावात. इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथं मजुरांची पोरं अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जायची. त्यांना 'हाफ टायमर' म्हणत. ही पद्धत मोडायला १९१८ चा कायदा यावा लागला. पहाटे उठून मशीनपुढं उभं राहिलेलं पोर दुपारी बाकावर पेंगणारच. मास्तर म्हणणार, मठ्ठ आहे. मला हे पटकन समजलं. रात्रपाळीनंतर मीही मठ्ठ असतो.

१८९३ साली या गावानं शाळांसाठी डॉक्टर नेमला, जेम्स केर. १८९४ साली मार्गारेट मॅकमिलन नावाची समाजवादी बाई तिथल्या शाळा मंडळावर निवडून आली. या लोकांनी पोरांचे डोळे, कान, दात, केस बघायला सुरुवात केली. १८९७ मध्ये शाळेतच न्हाणीघर बांधलं. उपाशी आणि आजारी पोराला शिकवत बसणं म्हणजे पोर आणि पैसा दोन्ही वाया घालवणं, असं या बाईचं म्हणणं.

सरकारला जाग आली ती वेगळ्या कारणानं. बोअर युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला आलेले ढीगभर मजूर शरीरानं नापास झाले. साम्राज्याला धडधाकट शिपाई हवे होते. १९०४ च्या सरकारी समितीनं शाळेत तपासणी आणि जेवण, दोन्ही सुचवलं. १९०६ ला जेवणाचा कायदा, १९०७ ला तपासणीचा. गरिबाच्या लेकरावर राज्यकर्त्यांचं प्रेम कधी उतू जातं ते यावरून ओळखा. पण कायदा कशासाठी आला यापेक्षा तो आल्यावर कुणी काय करून घेतलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ब्रॅडफर्डनं १९०७ साली काय केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. शाळांचा डॉक्टर राल्फ क्राउली आणि शाळांत स्वयंपाक शिकवण्याचं काम बघणाऱ्या मॅरियन कफ, या दोघांनी मिळून ४० च्या आसपास गरीब मुलं निवडली. त्यांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण सुरू केलं. शेजारी दुसरी मुलं, ज्यांना हे जेवण नव्हतं. दोन्हीकडच्या मुलांची वजनं घेत राहिले. जेवणाऱ्या मुलांचं वजन दुसऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. मधे सणाची सुट्टी आली, जेवण थांबलं, आणि वजन घसरलं. शाळा उघडली, जेवण सुरू झालं, वजन पुन्हा वर.

दोस्तांनो, त्या घसरलेल्या काट्याकडे नीट बघा. गरिबाचं पोर आळशी आहे, त्याच्या रक्तातच बुद्धी नाही, असं म्हणणाऱ्यांना एका साध्या वजनकाट्यानं उत्तर दिलं. सुट्टी म्हणजे श्रीमंताच्या पोराला मजा आणि गरिबाच्या पोराला उपास, हे तेव्हा कागदावर आलं.

आणखी एक गोष्ट. त्या जेवणाच्या मेजांवर कापड अंथरलेलं असे. फुलं ठेवलेली असत. पोरं गरीब आहेत म्हणून त्यांना कसंही वाढू नये, हा विचार त्यात होता. भीक आणि जेवण यांत फरक असतो तो असा.

हे जमलं कारण स्वयंपाक बघणारी बाई आणि डॉक्टर एकाच खोलीत होते. वाढणारीला काट्यावरचा आकडा माहीत होता आणि काटा धरणाऱ्याला ताटात काय आहे ते माहीत होतं. माझ्या बहिणीच्या शाळेत हेच नव्हतं.

४

ब्रॅडफर्डमध्ये हे नगरपालिकेनं केलं. आता जिथं सरकारनं केलं नाही आणि आपल्यासारख्या माणसांनी केलं तिथं जाऊ. अमेरिकेतलं ओकलंड.

ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष काढला. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये त्यांनी शाळकरी पोरांसाठी फुकट नाश्ता सुरू केला. चर्चचे फादर अर्ल नील आणि तिथंच येणारी नाच शिकवणारी रूथ बेकफर्ड यांनी बस्तान बसवून दिलं. पहिल्या दिवशी ११ पोरं आली. आठवडा संपता संपता १३५. वर्षाअखेर कितीतरी शहरांत नाश्ता शिजत होता आणि पक्षाच्या सांगण्याप्रमाणे २०,००० पोरं जेवत होती. अंडी, पाव, दूध, संत्री. किराणा दुकानदारांकडून मागून आणायचं. जे दुकानदार काळ्या वस्तीत धंदा करून दमडी देत नव्हते त्यांच्या दुकानावर बहिष्कार.

पहाटे उठून अंडी तळायची हे काम बायकांच्याच गळ्यात घालायचं नाही, असं त्या पक्षात ठरलेलं होतं. सगळीकडे पाळलं गेलं असेल असं मी म्हणत नाही. पण बंदूक धरणाऱ्या तरुणानं कंबरेला फडकं बांधून पोरांना वाढलं, हे फोटोंत आहे.

आता गंमत ऐका. एफबीआयचा प्रमुख एडगर हूवर याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली? मे १९६९ मधल्या त्याच्या कागदात आहे, या पक्षाचं सगळ्यात प्रभावी काम नाश्त्याचं आहे आणि म्हणून पक्ष मोडायच्या कामात सगळ्यात मोठा धोका तोच आहे. बंदुकीला गोळीनं उत्तर देता येतं. लेकराला वाढलेल्या अंड्याला काय उत्तर देणार? म्हणून अफवा पसरवल्या, धाडी घातल्या. शिकागोत नाश्त्याचं काम उभं करणाऱ्यांत फ्रेड हॅम्प्टन होता. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी धाड घालून त्याला बिछान्यातच गोळ्या घातल्या. वय २१. माझ्यापेक्षा लहान.

५

नुसत्या नाश्त्यावर ते थांबले नाहीत, म्हणून मी हा लेख लिहितो आहे. रोज पोर पुढ्यात येऊन बसलं की दिसायला लागतं. याचा कान वाहतो. हिचे दात किडलेत. हा खातो पण वाळतो. वाढणाऱ्याला डोळे असले तर ताट हीच पहिली तपासणी असते. पक्षानं वस्त्यांत फुकट दवाखाने काढले. १९७० मध्ये बॉबी सीलनं हुकूमच काढला की प्रत्येक शाखेनं दवाखाना चालवलाच पाहिजे. काही डॉक्टर आणि नर्स फुकट काम करायला आले, आणि कार्यकर्ते स्वतः साध्या तपासण्या शिकले. सिॲटल शहरात त्यांनी सुरू केलेला दवाखाना वेगळ्या नावानं आजही चालतो.

१९७१ पासून त्यांनी सिकलसेल हातात घेतला. हा आजार अमेरिकेतल्या डॉक्टरांना १९१० पासून माहीत होता. म्हणजे साठ वर्षं. पण आजार काळ्यांचा. १९७० साली व्हर्जिनियातले डॉक्टर रॉबर्ट स्कॉट यांनी दाखवून दिलं की दुसऱ्या बालरोगांच्या मानानं या आजारावर किती तुटपुंजा पैसा खर्च होतो. पँथरांनी सुई आणि काचपट्टी घेऊन दारोदार जायला सुरुवात केली. मार्च १९७२ मध्ये ओकलंडला त्यांचा तीन दिवसांचा मेळावा झाला. तिथं हजारो पिशव्या भरून किराणा वाटला आणि तिथंच हजारो लोकांची सिकलसेलची तपासणी झाली. एका हातात धान्याची पिशवी, दुसऱ्या हाताच्या बोटाला सुई. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष निक्सननं सिकलसेलच्या कायद्यावर सही केली. तो एकट्या पँथरांमुळं झाला असं नाही. पण वस्तीतून उठलेला आवाज त्यामागं होता.

आणि त्याच ओकलंडमध्ये त्यांनी स्वतःची प्राथमिक शाळा काढली. १९७३ पासून एरिका हगिन्स तिच्या संचालक होत्या. पोरांना दिवसाला तीन वेळचं जेवण. शाळेतच डॉक्टरी तपासणी, दातांची तपासणी. कुणी आजारी असेल तर घरी निरोप, दवाखान्यात पाठवणी. ताट, काटा, सुई आणि फळा एका छपराखाली. मी जे शोधत होतो ते हेच.

पण खोटी आरती मला ओवाळायची नाही. ती शाळा १९८२ मध्ये बंद पडली. शाळेसाठी आलेला सरकारी पैसा गैरवापरल्याबद्दल पुढं १९८९ मध्ये ह्यूई न्यूटनला शिक्षा झाली. नेता मोठा झाला आणि हिशेबाची वही त्याच्या खिशात गेली की पोराच्या ताटातलं अंडं आधी जातं. हे फक्त अमेरिकेत घडतं असं समजू नका.

तपासणीतही घोळ झाले. कायदा करणाऱ्यांनी वाहक आणि आजारी यांतला फरक नीट सांगितला नाही. काही राज्यांनी सक्तीची तपासणी लावली. धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या. हवाई दलाच्या अकादमीनं वाहकांना दार बंद ठेवलं, ते १९८१ मध्ये उघडलं. सुई टोचणं सोपं आहे. टोचल्यावर माणसाजवळ बसून समजावून सांगणं हे खरं काम. आमच्या वस्तीत बहिणीचं कार्ड बघून एक सोयरीक मोडली, तेव्हा मला हे कळलं.

६

आता आपल्याकडे येतो.

सिकलसेल हा आपला आजार आहे हे विदर्भातल्या डॉक्टरांना नवं नव्हतं. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांचा या विषयावरचा लेख लॅन्सेट या लंडनच्या मासिकात छापून आला. इथल्या आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महारांत हा आजार मोठा आहे. म्हणजे पँथर हे नाव समुद्र ओलांडून आलं त्याच्या आधीपासून ओकलंडच्या काळ्या पोराच्या आणि नागपूरच्या बौद्ध पोराच्या रक्तात तोच विळा होता.

आपण ब्लॅक पँथरकडून काय घेतलं? डरकाळी घेतली. मी ती कमी लेखत नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीत भागवत जाधव गेला. त्याच वर्षी अकोला जिल्ह्यातल्या ढाकळी गावात दोन भावांचे डोळे काढले, तेव्हा पँथरच धावून गेले. ती डरकाळी नसती तर आज मी हे लिहायला बसलोच नसतो. पण तवा? काटा? सुई? ते तिकडंच राहिलं. आपल्या वस्तीत मोर्चाचा इतिहास तोंडपाठ सांगणारी पोरं आहेत. वस्तीतल्या किती लेकरांचं वजन कमी आहे, हे विचारा. सगळे एकमेकांकडे बघतील.

आणि तवा परका आहे का? १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी सत्यशोधकांच्या मदतीनं धनकवडीला उपाशी लेकरांसाठी अन्नछत्र उभं केलं. वीस वर्षांनी, १८९७ ला पुण्यात प्लेग आला. मुलगा यशवंत डॉक्टर झालेला. हडपसरजवळ माळावर दवाखाना. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं पडलेलं पोर माईंनी पाठीवर टाकून आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. शाळा, ताट आणि दवाखाना, तिन्ही गोष्टी एका बाईच्या आयुष्यात आहेत. आपण फोटोला हार घालतो. फोटोतल्या बाईची पाठ बघत नाही.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्य पोरांसाठी वसतिगृह काढलं. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ ला सोलापुरात वसतिगृह उघडलं. आधी पोराच्या राहण्याजेवणाची सोय, मग पुस्तक. ही आपलीच चाल आहे. खुद्द बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत पाणी कसं मिळायचं? शिपायानं नळ सोडला तर. शिपाई नसला तर तहान तशीच. आता सिकलसेलच्या पोराला दिवसभर पाणी प्यायला लागतं, नाहीतर कळा उठतात. एखाद्या शाळेत आजही आपल्या पोराला माठाला हात लावू देत नसतील, तर तो नुसता अपमान नाही. तो त्याच्या हाडांवर घाव आहे.

७

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. शाळेत जेवण देणं मद्रास महापालिकेनं जस्टिस पक्षाच्या काळात, १९२० ला सुरू केलं. देशभरची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला, पण बहुतेक ठिकाणी महिन्याला तीन किलो धान्य हातावर टेकवायचे. शिजवलेलं जेवण द्या, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला २८ नोव्हेंबर २००१ ला. २० एप्रिल २००४ ला आणखी एक आदेश आला. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. स्वयंपाकाच्या कामावर नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य. आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण. सुट्टीत वजन घसरतं हे ब्रॅडफर्डच्या काट्यानं १९०७ ला सांगितलं होतं. आपल्या कागदावर यायला ९७ वर्षं लागली.

आदेशानं जात मेली नाही. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतल्या ५३१ गावांची पाहणी करून २००५ साली लिहिलं, की कुठं वेगळी पंगत, कुठं दलित बाईनं शिजवायला विरोध. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित बाईनं शिजवलेलं खायला सवर्ण पोरांनी नकार दिला आणि कामावरून काढलं त्या बाईलाच. बोभाटा झाल्यावर परत घेतलं. ब्रॅडफर्डच्या मेजावर फुलं होती. आपल्या पंगतीत जात वाढली जाते.

तपासणीचा कायदेशीर रस्ता वेगळाच आला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. पथकानं शाळेत येऊन मुलांना तपासायचं, आजार निघाला तर पुढं फुकट उपचार. जिथं सिकलसेल आहे तिथं तोही यादीत घेता येतो. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. म्हणजे कागदावर सगळं आहे. पण ताट शिक्षण खात्याचं आणि सुई आरोग्य खात्याची. दोन रजिस्टरं, दोन साहेब. पोराचं शरीर मात्र एकच.

आणि जे मिळतं तेही टिकेल याचा भरवसा नाही. आपल्या राज्यात २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये शासनानं अंड्याचा निधी थांबवला. हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. ओकलंडच्या पँथरांनी १९६९ ला अंड्यापासून सुरुवात केली होती, हे इथं आठवून ठेवा.

८

मग आपण काय करायचं? नुसती चीड घेऊन उठू नका. चीड पाळीसारखी असते, आठ तासांनी सुटते.

पहिलं, शाळेत शिरा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण अर्ध्या बाया असल्या पाहिजेत. आपल्या आयाबहिणी त्या समितीत आहेत का, ते बघा. नुसत्या सहीपुरत्या असतील तर त्यांच्याबरोबर बसून वाचा.

दुसरं, तपासणीच्या पथकाची तारीख आधी माहीत करून घ्या. त्या दिवशी वस्तीतलं एकही पोर घरी राहता कामा नये. आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशीला पथकासमोर उभं करा. कोणतं पोर खातं पण वाळतं, हे डॉक्टरपेक्षा तिला जास्त माहीत असतं.

तिसरं, पुढचा कागद सोडू नका. 'जिल्ह्याला पाठवले' असं लिहिलं म्हणजे पोर जिल्ह्याला पोचलं असं होत नाही. एसटीचं भाडं कोण देणार, मायची मजुरी बुडेल ती कोण भरणार, हे चळवळीचे प्रश्न आहेत.

चौथं, सुई टोचली की समजावून सांगायला माणूस पाहिजे. वाहक म्हणजे आजारी नाही. हे वाक्य जयंतीच्या भाषणात एकदा तरी बोला.

आमच्या विहारात आम्ही चार-पाच जणांनी वर्गणी काढून वजनकाटा घेतला. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की पोरांची रांग लावतो. प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं. जमेल तोवर. मोठं काही नाही. मे महिन्यात काही पोरांचा काटा खाली आला, तेव्हा मी ब्रॅडफर्डची गोष्ट सगळ्यांना सांगितली. एक म्हातारे काका म्हणाले, "हे सांगाले इंग्लंडले कायले गेला बे? आमाले इचारलं असतं." बरोबर बोलले.

वही बहीण लिहिते. ती आता रोज औषध घेते, बाटलीभर पाणी जवळ ठेवते. कधी कळा उठल्या तर येत नाही, मग मी लिहितो आणि माझे आकडे तिला पटत नाहीत. हा लेख तिला वाचून दाखवला. म्हणाली, "दादा, माझ्यावर रडकं लिहू नको. आन् त्या अंदाजानं लिहिलेल्या दोन किलोचं लिहिलंस का?"

लिहिलं आहे, बाई. अंदाजानं लिहिलेलं प्रत्येक वजन खोडायचं आहे. पोराला काट्यावर उभं करून खरं लिहायचं आहे.

जय भीम.